काकडीचं आशियाई सॅलड : आधी पाणी काढा, मग चव घाला

तुम्ही विचारलंय की काकडीचं तिखट, लसणीचं आशियाई सॅलड घरी केलं की थोड्याच वेळात वाडग्यात पाणी साचतं, सोया सॉस घालूनही चव पातळ लागते, आणि तिळाचं तेल वापरूनही तो खमंग वास येत नाही. शिवाय संध्याकाळसाठी सकाळीच करून ठेवता येईल का, हेही विचारलंय. यातल्या पहिल्या दोन अडचणी खरं तर एकच आहेत, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

काकडीत साधारण ९५ टक्के पाणी असतं. मीठ, साखर, सोया सॉस यांतलं काहीही कापलेल्या काकडीला लागलं की ते पेशींमधलं पाणी बाहेर ओढून घेतं. म्हणजे पाणी सुटणारच आहे. ते चाळणीतून निथळून जावं की वाडग्यात पडून तुमचा सॉस पातळ करावा, एवढंच आपल्या हातात असतं. बहुतेक जण काकडी चिरतात, सॉस ओततात आणि वाढतात. मग चव कमी वाटते म्हणून आणखी सोया सॉस घालतात, त्यातल्या मिठाने आणखी पाणी सुटतं, आणि हे असंच चालू राहतं. सॉसचं प्रमाण कितीही बदललं तरी याने सुटका होत नाही. आधी मीठ लावून पाणी काढणं हाच यावरचा उपाय, आणि ही पायरी कधीही गाळू नये असं माझं ठाम मत आहे.

काकडी निवडताना बारीक, लांब, पातळ सालीची आणि कोवळ्या बियांची बघा. जाड, जून काकडीच मिळाली तर साल काढा, उभी चिरून चमच्याने मधला बियांचा मऊ भाग खरवडून टाका. पाण्याचा मोठा साठा तिथेच असतो आणि त्या भागाला ना चव असते ना कुरकुरीतपणा. देठाकडचा तुकडा आधी चाखून बघायला विसरू नका. काकडीवर्गातल्या कडूपणाला कुकरबिटासिन नावाची द्रव्यं कारणीभूत असतात आणि ती देठाकडे व सालीजवळ जास्त असतात. तिथे किंचित कडवटपणा लागला तर तेवढा भाग उडवा, पण आतपर्यंत कडू असेल तर ती काकडी सरळ टाकून द्या. अशी काकडी कुठल्याच सॉसने सुधारत नाही.

आता चिरण्याबद्दल. तुम्ही वर्णन केलेलं तिखट, लसणीचं सॅलड चिनी पद्धतीचं आहे. त्याला तिकडे ‘पाय ह्वांगग्वा’ म्हणतात आणि त्यात काकडी चिरण्याआधी ठेचतात. काकडी धुऊन कोरडी करा, दोन्ही टोकं काढा, फळीवर आडवी ठेवा. सुरीचं रुंद पातं तिच्यावर सपाट टेकवून वरून तळहाताने जोर द्या. सुरीची धास्ती वाटत असेल तर लाटण्याने ठोका, काम तेवढंच चांगलं होतं. साल तडकून काकडी तीन-चार ठिकाणी उभी फुटली की थांबायचं, लगदा करायचा नाही. मग तिरके, दोन-अडीच सेंटिमीटरचे तुकडे करा. सुरीने कापलेली बाजू गुळगुळीत असते, तिच्यावरून सॉस ओघळून जातो. फुटलेली बाजू खडबडीत असते. तिच्या खाचांत सॉस, लसूण, तीळ सगळं अडकून राहतं, आणि मीठही लवकर आत शिरतं. चकत्या करून हे सॅलड करू नये असं मी म्हणणार नाही, पण ठेचलेल्या काकडीची चव त्याला येत नाही.

५०० ग्रॅम काकडीला एक सपाट चहाचा चमचा मीठ आणि अर्धा चमचा साखर चोळा, चाळणीत घालून २० ते ३० मिनिटं ठेवा. चाळणीखाली भांडं ठेवा म्हणजे किती पाणी निघालं ते डोळ्यांनी दिसेल. नंतर हाताने हलकेच दाबून निथळा. पिळू नका. एक तुकडा खाऊन बघा. जास्त खारट लागला तर गार पाण्यातून पटकन काढून स्वच्छ फडक्यावर कोरडा करा. योग्य वाटला तर धुवायची गरज नाही, मात्र मग सॉसमध्ये वेगळं मीठ अजिबात घालायचं नाही.

काकडी कुरकुरीत व्हावी म्हणून ती बर्फाच्या पाण्यात ठेवावी, असा सल्ला तुम्ही वाचला असेल. नुसती कच्ची काकडी खायची असेल तर तो योग्य आहे. पण बर्फाच्या पाण्यात काकडी पुन्हा पाणी पिऊन घेते, म्हणजे मिठाने केलेलं काम उलटं होतं. या सॅलडसाठी गारवा हवा तो कोरडा. अख्खी काकडी आधीपासून फ्रिजमध्ये ठेवा, मीठ लावलेली चाळणीही भांड्यासकट फ्रिजमध्येच जाऊ द्या, आणि ज्या वाडग्यात वाढणार तोही गार करून घ्या.

काकडी निथळेपर्यंत सॉस तयार करा. एक मोठा चमचा सोया सॉस, दीड मोठा चमचा तांदळाचं व्हिनेगर, एक चहाचा चमचा साखर. साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. सोया सॉस फिकट, पातळ प्रकारचा घ्या. गडद, दाट सोया सॉस मुख्यतः रंगासाठी असतो, त्याने काकडी काळपट दिसते. तांदळाचं व्हिनेगर नसेल तर साधं पांढरं व्हिनेगर चालतं, पण ते झणकन नाकात जातं. तेव्हा एक मोठा चमचा व्हिनेगर, अर्धा मोठा चमचा पाणी आणि चिमूटभर जास्त साखर असं करा. लिंबाचा रसही चांगला लागतो, फक्त चव चिनीपेक्षा आग्नेय आशियाकडे झुकते. चीनच्या च्यांगसू प्रांतातल्या चनच्यांग शहराचं काळं व्हिनेगर मिळालं तर निम्मं ते वापरून बघा. चिकट तांदळापासून बनवून मुरवलेलं असल्यामुळे त्याला आंबटपणासोबत एक गोडसर, गडद खोली असते. माझ्या मते या पदार्थात दुसऱ्या कुठल्याही महागड्या जिन्नसाने एवढा फरक पडत नाही.

लसूण दोन-तीन पाकळ्या, ठेचून किंवा अगदी बारीक चिरून. लसणीचा झणझणीतपणा पाकळी फुटल्यानंतर तयार होतो आणि आंबट पदार्थ ती क्रिया रोखतो. सौम्य हवा असेल तर लसूण ठेचल्या ठेचल्या व्हिनेगरमध्ये टाका. जोरकस हवा असेल तर ठेचून दहा मिनिटं तशीच ठेवा, मग मिसळा. त्याच दोन पाकळ्यांतून दोन वेगळ्या चवी मिळतात.

आता तुमच्या तेलाच्या तक्रारीकडे. तुम्ही वापरलेलं तेल फिकट पिवळं असेल तर ते न भाजलेल्या तिळाचं आहे. ते स्वयंपाकाला उत्तम, पण त्यात तो वास नसतोच. इथे भाजलेल्या तिळाचं, तपकिरी रंगाचं तेल लागतं. ते फोडणीसारखं तापवायचं नाही, शेवटी वरून घालायचं, आणि एक ते दीड चहाचा चमचा पुरे. याहून जास्त घातलं तर काकडीची चव लागतच नाही. ते तेल मिळत नसेल तर दोन मोठे चमचे तीळ मंद आचेवर सोनेरी होईपर्यंत भाजा, गरम असतानाच जाडसर कुटा आणि दोन मोठे चमचे वास नसलेल्या कोमट तेलात अर्धा तास मुरू द्या. अस्सल तेलाइतकं गडद होत नाही, पण दिशा तीच असते.

कालवण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी सोया, व्हिनेगर, साखर, लसूण हे पाणीदार मिश्रण काकडीला लावून दोन मिनिटं थांबा आणि तेल सगळ्यात शेवटी घाला. तेल आधी गेलं तर काकडीवर त्याचा थर बसतो आणि आंबट-खारट चव आत शिरत नाही.

तिखटपणासाठी मिरचीचं तेल. पाव वाटी तेल चांगलं तापवून गॅस बंद करा, मिनिटभर निवू द्या, मग मिरचीच्या फ्लेक्सचा एक तुकडा टाकून बघा. तो तडतडला पण काळा पडला नाही की तेल एक मोठा चमचा फ्लेक्सवर ओता. त्यात सिचुआन मिरीचे चार दाणे ठेचून टाकले तर जिभेवर ती मुंग्या आल्यासारखी झिणझिण येते. या तेलात कच्ची लसूण घालून बाटली बाहेर ठेवू नका. तेलात बुडालेल्या लसणीला हवा लागत नाही आणि त्यात बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात. लसूण नेहमी सॅलडमध्ये, आयत्या वेळी.

वरून भाजलेले तीळ आणि थोडी कोथिंबीर. भाजलेल्या शेंगदाण्यांचा जाड कूटही चांगला लागतो. खाणाऱ्यांत कुणाला गहू चालत नसेल तर लक्षात ठेवा, बहुतेक सोया सॉसमध्ये गहू असतो. अशा वेळी गहू नसल्याचं लेबलवर लिहिलेला तामारी, म्हणजे जपानी प्रकारचा सोया सॉस, घ्या. तीळ आणि शेंगदाण्याचंही आधी विचारून घ्या.

तुम्हाला तिखट नको असेल तर जपानी ‘सुनोमोनो’ करून बघा. तिथे ठेचणं नाही. काकडीच्या कागदासारख्या पातळ चकत्या, मीठ लावून दहा मिनिटं, आणि इथे मात्र घट्ट पिळून घ्यायच्या. तीन मोठे चमचे तांदळाचं व्हिनेगर, एक ते दीड मोठा चमचा साखर, अर्धा चमचा सोया सॉस. भिजवलेला वाकामे, म्हणजे समुद्री शेवाळ, घातला तर समुद्राची खारी चव येते, नाही घातला तरी बिघडत नाही. तेल नाही, लसूण नाही. जड जेवणासोबत याच्याइतकं तोंड साफ करणारं दुसरं काही मला माहीत नाही. कोरियन ‘ओई मुचिम’ हे चिनी सॅलडच्या जवळचं, फक्त मिरचीच्या तेलाऐवजी ‘गोचुगारू’ ही त्यांची लालभडक, मध्यम तिखट मिरची आणि भरपूर पातीचा कांदा. थाई ‘आजाद’मध्ये साखर-व्हिनेगरचा पाक करून तो पूर्ण गार झाल्यावर काकडी, छोटे कांदे आणि ताज्या मिरचीवर ओततात आणि साते कबाबांसोबत वाढतात.

राहिला सकाळी करून ठेवण्याचा प्रश्न. कालवून ठेवू नका. मीठ लावून निथळलेली काकडी झाकण असलेल्या डब्यात, खाली कागदी टिश्यू घालून, फ्रिजमध्ये ठेवा. संध्याकाळपर्यंत ती छान राहते. लसणीविना सॉस दुसऱ्या बाटलीत, मिरचीचं तेल तिसऱ्या. जेवायला बसण्याआधी दहा मिनिटं लसूण ठेचा आणि सगळं कालवा. उरलं तर लगेच फ्रिजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी संपवा. कुरकुरीतपणा गेलेला असतो, पण ती मुरलेली काकडी आणि तळाचा आंबट-तिखट रस उकडून गार केलेल्या नूडल्सवर ओतला तर वेगळा सॉस करावा लागत नाही. सुनोमोनो मात्र तुम्ही सकाळीच पूर्ण करून ठेवू शकता. पिळलेल्या चकत्या व्हिनेगरमध्ये चार-पाच तास राहिल्या तरी चांगल्याच लागतात.