डबल मार्कर 'हाय रिस्क' आली, म्हणजे बाळाला डाऊन सिंड्रोम आहेच का?

नाही ताई, आधी शांत व्हा. डबल मार्कर ही गरोदरपणातली रक्ततपासणी नुसती चाळणी आहे, निदान नव्हे. तुमच्या रिपोर्टमध्ये डाऊन सिंड्रोमचा (गुणसूत्रांतल्या जन्मजात दोषाचा) धोका १:१५० आलाय, म्हणजे अशा १५० गर्भवतींपैकी १४९ जणींच्या बाळाला तो आजार नसतो! रिपोर्ट, एनटी सोनोग्राफी (बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी) घेऊन फीटल मेडिसिन तज्ज्ञांना, म्हणजे पोटातल्या बाळाच्या डॉक्टरांना, दाखवा. जतहून सांगली-मिरजेला यायचं म्हणजे दिवस मोडतो, पण हा मोडाच. ते बहुधा एनआयपीटी सुचवतील. ही आईच्या रक्तावरची तपासणी, १० आठवड्यांनंतर होते, महाग आहे. तीही चाळणीच, हे बऱ्याचदा कुणी सांगत नाही. पक्कं निदान गर्भजल तपासणीने, साधारण १५ आठवड्यांनंतर. त्याआधी घरच्यांच्या दबावाखाली कसलाही निर्णय घेऊ नका. आणि १८-२० आठवड्यांची अॅनोमली स्कॅन (बाळाच्या अवयवांतले दोष पाहणारी सोनोग्राफी) चुकवू नका.