जुन्या हॉस्पिटलला नवीन एंट्रन्स आणि डे केअर वॉर्ड जोडायचाय, आर्किटेक्टला काय विचारू?

तुम्ही लिहिलंय की 30 बेडचं जुनं हॉस्पिटल आहे, समोरच्या मोकळ्या जागेत नवीन एंट्रन्स आणि त्याला लागून डे केअर वॉर्ड करायचाय, आर्किटेक्टने काचेचं एलिव्हेशन, म्हणजे समोरून दिसणारा दर्शनी भाग, दाखवलंय आणि आता पुढे काय विचारावं कळत नाहीये. मी हीच कामं करतो म्हणून सांगतो, एलिव्हेशन बाजूला ठेवा आणि पेशंट बाहेर कसा पडणार ते प्लॅनवर बोट ठेवून दाखवायला सांगा.

आत कसा येतो ते सगळेच दाखवतात हो. पण मोतीबिंदू, हर्निया, डायलिसिस, केमो, हे पेशंट त्याच दिवशी घरी जाणारे, आणि जाताना कुणाची गुंगी पूर्ण उतरलेली नसते, कुणाच्या डोळ्याला पट्टी, डायलिसिसनंतर कुणाचं बीपी खाली आलेलं. अशा माणसाला केसपेपरच्या रांगेतून वाट काढत न्यायचं हे मला अजिबात पटत नाही. रिकव्हरीतून थेट पोर्चमध्ये निघणारा वेगळा दरवाजा द्या, व्हीलचेअर गाडीच्या दाराला लागली पाहिजे.

पोर्च मात्र कारच्या मापाने नको. ॲम्ब्युलन्समधून स्ट्रेचर मागच्या दाराने निघतं, त्यामुळे गाडी उभी राहून मागे स्ट्रेचर पूर्ण बाहेर आलं तरी वर छप्पर हवं, नाहीतर जुलैच्या पावसात पेशंट भिजतोच.

मग लेव्हल. नव्या भागाचं फ्लोअरिंग जुन्याच्या लेव्हललाच आणा, मधे एक पायरीसुद्धा नको. बाहेरून आत येणाऱ्या रॅम्पचा उतार 1:12 पेक्षा जास्त ठेवायचा नाही, म्हणजे 60 सेंमी चढायला 7.2 मीटर लांबी लागते, वर-खाली लँडिंग वेगळं. ही जागा पहिल्याच स्केचमध्ये अडवून ठेवा, नंतर मिळत नाही.

वॉर्डमध्ये एकदा बेडवर आडवं पडून बघा. डायलिसिसला माणूस चार-चार तास छताकडे बघत असतो आणि आपण ट्यूबलाइट नेमकी त्याच्या डोळ्यांवर लावतो! फिनलंडमधल्या पायमिओ सॅनेटोरियममध्ये (टीबीच्या हॉस्पिटलमध्ये) आर्किटेक्ट आल्वार आल्टोने 1933 सालीच झोपलेल्या पेशंटच्या नजरेने खोल्या केल्या होत्या, छताला गडद शांत रंग आणि दिवा थेट डोळ्यांवर येणार नाही असा. हे करायला फार खर्च येत नाही. आणि टॉयलेटचं दार बाहेरच उघडू दे, आत कुणी चक्कर येऊन दाराला टेकून पडलं तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही.

शेवटचं, काम चालू असताना हॉस्पिटल चालूच राहणार ना? मग जुन्या भागाकडे स्लॅबपर्यंत बंद पार्टिशन घाला, हिरवं नेट लावून भागत नाही. तोडफोडीच्या धुळीत ॲस्परजिलस बुरशीचे कण असतात, केमोच्या पेशंटला त्याने फुफ्फुसाचं गंभीर इन्फेक्शन होऊ शकतं. हे पार्टिशन कॉन्ट्रॅक्टरच्या टेंडरमध्येच आयटम म्हणून लिहून घ्या.