टीमशीट जपून ठेव

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

आपल्या रग्बी क्लबच्या साप्ताहिक बातमीपत्राचे काम समितीने तुझ्याकडे सोपवल्याचे कळले आणि फार समाधान वाटले. पुण्याहून इंग्लंडला येऊन तुला जेमतेम एक हंगाम झाला आहे, त्यामुळे जुन्या सभासदांसमोर आपण काय लिहिणार, हा तुझा संकोच मी समजू शकते. हेच काम मी अकरा वर्षे केले असल्यामुळे काही गोष्टी मोकळेपणाने लिहिते.

पहिल्याच हंगामात माझ्या हातून एक चूक झाली. पुरुषांच्या तिसऱ्या संघाच्या सामन्याला मी अर्धे पान दिले आणि त्याखाली एवढेच लिहिले, 'महिला संघ ५–४१ ने पराभूत'. त्या रविवारी आमच्या पंधराऐवजी तेराच जणी मैदानात उतरल्या होत्या, स्क्रममध्ये (दोन्ही संघ खांदे भिडवून चेंडूसाठी जोर लावतात तिथे) मधोमध राहणारी प्रशिक्षित हुकर नसल्यामुळे ढकलाढकली न करता खेळावे लागले होते, आणि तरीही शेवटच्या काही मिनिटांत स्क्रममध्ये उतरणाऱ्या फॉरवर्डनी चेंडू हातचा न जाऊ देता अर्धे मैदान पार करून ट्राय केला होता, म्हणजे चेंडू समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे टेकवला होता. यातले एक अक्षरही मी लिहिले नाही. पुढे महिला संघाच्या पहिल्या खेळाडूंचा फलक क्लबहाउसमध्ये लावायचे ठरले, तेव्हा नऊ नावे जमली; उरलेल्या चौघी कोण, हे कोणालाच खात्रीने सांगता आले नाही. त्या चार रिकाम्या ओळींची खंत मला अजून आहे. म्हणून सामना संपल्यावर सर्वांत आधी टीमशीटचा, म्हणजे खेळाडूंच्या यादीचा, फोटो काढून ठेव. गुणफलक नंतरही मिळतो, बदली म्हणून कोण आले ते दोन दिवसांत विसरले जाते.

महिलांच्या रग्बीचा इतिहास असाच निसटता निसटता वाचलेला आहे. १८८७ मध्ये आयर्लंडमधल्या एनिस्किलनच्या पोर्टोरा रॉयल स्कूलमध्ये एक खेळाडू कमी पडला म्हणून एमिली व्हॅलेंटाइन ही दहा वर्षांची मुलगी भावांबरोबर खेळली आणि तिने ट्राय केला. हे आपल्याला ठाऊक आहे, याचे कारण तिने ते स्वतःच्या आठवणींच्या वहीत लिहून ठेवले. पहिल्या महिला विश्वचषकाची गोष्ट तर आपल्यासारख्या क्लबमधल्या माणसांनी विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. १९९१ ची ती स्पर्धा कोणत्याही आंतरराष्ट्रीय मंडळाने भरवली नव्हती. लंडनच्या रिचमंड क्लबशी जोडलेल्या डेबोरा ग्रिफिन, स्यू डोरिंग्टन, अ‍ॅलिस कूपर आणि मेरी फोर्सिथ या चौघींनी आपापले व्यवसाय सांभाळून बारा संघ वेल्समध्ये आणले. सोव्हिएत संघाजवळ पैसे नव्हते, म्हणून त्या मुली विकण्यासाठी व्होडका घेऊन आल्या होत्या. कार्डिफच्या अंतिम सामन्यात अमेरिकेने इंग्लंडला १९–६ ने हरवले, आणि इंग्लंडची हुकर होती आयोजकांपैकीच एक, स्यू डोरिंग्टन. (जुना गुणफलक छापताना लक्षात ठेव की त्या वेळी ट्रायला चार गुण असत, आजच्या पाचाच्या हिशेबाने वाचणाऱ्याला तो चुकीचा वाटेल.) या स्पर्धेला अधिकृत विश्वचषक म्हणून मान्यता मिळाली ती २००९ मध्ये, म्हणजे अठरा वर्षांनी.

२७ सप्टेंबर २०२५ रोजी लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडने कॅनडाला ३३–१३ ने हरवले, तेव्हा मैदानात ८१,८८५ प्रेक्षक होते, आणि त्याच वर्षी ग्रिफिन इंग्लंडच्या रग्बी संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या होत्या. अशा सामन्याचा वृत्तांत तू बातमीपत्रात पुन्हा लिहू नकोस. तो सर्वांनी दूरदर्शनवर पाहिलेला असतो. त्याऐवजी आपल्या क्लबमधून कोण तिथे गेले, आणि त्यानंतरच्या मंगळवारी सरावाला किती नव्या मुली आल्या, ते लिही. त्या सामन्यातली इंग्लंडची कर्णधार झोई ऑल्डक्रॉफ्ट स्कारबरोच्या क्लबात घडली, फुलबॅक एली किल्डन कीथलीची. त्यांच्या लहानपणीच्या बातम्याही कुणीतरी तुझ्यासारखीनेच रविवारी रात्री बसून लिहिल्या असतील.

आपल्या लोकांचा संदर्भ खरा असेल तिथे जरूर दे. भारताच्या महिलांनी पंधरा जणींच्या रग्बीतला पहिला आंतरराष्ट्रीय सामना २०१८ मध्ये सिंगापूरला खेळला आणि पुढच्याच वर्षी मनिला येथे सिंगापूरवर २१–१९ असा पहिला विजय मिळवला. त्या काळातली कर्णधार वाहबिझ भरुचा तुझ्याच पुण्याची, व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट. त्या विजयात निर्णायक पेनल्टी किक मारणारी सुमित्रा नायक ओडिशाची. क्लबमधल्या इंग्रज मुलींना ही माहिती नाही आणि तुझ्याइतक्या आपुलकीने ती कोणी सांगणारही नाही.

एका बाबतीत मात्र मी आग्रही आहे. 'डोक्याला मार लागूनही ती शेवटपर्यंत झुंजली' असे वाक्य आपल्या बातमीपत्रात कधीही येऊ देऊ नकोस. मेंदूला धक्का बसल्याची नुसती शंका आली तरी खेळाडूने बाहेर यायचे असते, आणि आपल्या पातळीवर तिला किमान एकवीस दिवस सामना खेळता येत नाही. जिथे ते वाक्य कौतुकाने छापले जाते, तिथली पंधरा वर्षांची मुलगी पुढच्या वेळी चक्कर लपवते. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. बाहेर येणाऱ्या मुलीने संघाचे भले केले, असे लिही. कोणाला काय दुखापत झाली हे तिला विचारल्याशिवाय छापू नकोस, आणि अठरा वर्षांखालील मुलींची नावे व फोटो पालकांच्या संमतीनेच घे.

पराभवाचा वृत्तांत विजयाइतकाच लांब असू दे. ट्राय करणारीचे नाव सगळे लिहितात. तिच्यासाठी रक, म्हणजे जमिनीवरच्या चेंडूभोवतीची झटापट, मोकळा करणारी प्रॉप (स्क्रमच्या पहिल्या रांगेतली खेळाडू) कोण होती, हे पाहायला मैदानाच्या कडेला टच लाइनवर उभे राहावे लागते, क्लबहाउसच्या खिडकीतून ते दिसत नाही.

येत्या रविवारी सामना दोन वाजता आहे. मॅनेजरकडून टीमशीट दीडलाच माग, कारण नंतर तिला वेळ नसतो, आणि एक पेन्सिल जवळ ठेव. पावसात शाई पसरते.

तुझी,
काकू