जर्मनीत येऊन दोन महिने झाले, चार वर्षांची मुलगी किटामध्ये (इथल्या बालवाडीत) एक शब्द बोलत नाही. काय करावं?

घाबरू नका. नवी भाषा कानावर पडत असताना बरीच मुलं काही आठवडे, कधी काही महिने गप्प राहतात. आमचा लेकही किटात मुका आणि घरी बूट काढता काढता भोकाड! तेव्हा 'काय झालं?' न विचारता मी वरणभात पुढे ठेवायचे.

घरी मराठीच बोला. राग, भीती तिला त्यातच सांगता येणार. मुलांना किटात हळूहळू रुळवायच्या बर्लिन पद्धतीत पहिले तीन दिवस आई किंवा बाबा किटातच बसतात. तुमच्याकडे घाई झाली असेल तर पुन्हा थोडं बसू द्या म्हणा. शू, पाणी, दुखतंय यांची चित्रं खिशात द्या. आणि आजीची व्हिडिओ कॉलवरची 'जर्मन बोलून दाखव' ही फर्माईश तेवढी थांबवा! घरीही बोलणं आटलं तर मात्र मुलांच्या डॉक्टरांना दाखवा.