हातच्याची वजाबाकी

सांगली

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

जत तालुक्यात, पार सीमेवरच्या शाळेत रुजू झालीस, दिवसभर वर्ग सांभाळतेस आणि रात्री पुन्हा डी.एड.ची पुस्तकं काढून बसतेस, हे वाचून फार बरं वाटलं. मुलं कशी शिकतात यावर लिहिणाऱ्या दोन मानसशास्त्रज्ञांपैकी ‘पियाजेचं ऐकू की व्हिगॉट्स्कीचं?’ असं तू विचारलंस. माझं म्हणणं, आधी पोराची वही बघ. दोघंही तिथं कामाला येतील.

५२ वजा २७ बरोबर ३५, असं लिहिणारं कुणीतरी तुझ्या वर्गात असणारच. ‘हातचा विसरला’ म्हणून आपण फळ्यावर तेच गणित परत सोडवतो. त्यापेक्षा त्याला विचार, ‘कसं केलंस रे?’ तो सांगेल, ‘सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन.’ मोठ्यातून लहान काढायचा, हा नियम त्यानं सोप्या गणितांवरून स्वतःच बसवलाय आणि तो इमानेइतबारे पाळतोय. १९२० च्या सुमारास पॅरिसमध्ये बुद्धिमापनाच्या चाचण्यांवर काम करताना पियाजेच्या हेच लक्षात आलं होतं. एका वयाची मुलं चुकतातही एकसारखीच. मग तो गुणांचा नाद सोडून मुलांना कारणं विचारत बसला.

आता त्या पोरापुढं दशकाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या ठेव. सत्तावीस काढून दे म्हणावं. दोन गठ्ठे पटकन देईल, सात सुट्ट्यांपाशी अडेल. तिथं तू गप्प राहा. गठ्ठ्याचं रबर त्याच्याच हातानं सुटायला हवं.

व्हिगॉट्स्कीही १८९६ चाच, पियाजेच्या वयाचा. जेमतेम ३७ वर्षांचं आयुष्य मिळालं त्याला. एकट्याला जमत नाही पण कुणाच्या सोबतीनं जमतं, शिकवायची खरी जागा तीच, असं तो सांगून गेला. तुझ्या वर्गात ही सोबत बऱ्याचदा शेजारी बसलेलं पोरच करेल. घरी कन्नड बोलणाऱ्या मुलाला तू मराठीत चारदा सांगितलेलं कळत नाही, ते शेजारचा कन्नडमध्ये एका वाक्यात सांगून मोकळा होतो. ती कुजबुज बंद पाडू नकोस, माझी कळकळीची विनंती आहे.

सोबत काढून कधी घ्यायची, हे मला मिरजेत तंतुवाद्यांच्या कारागिरांकडे बसून जास्त उमगलं. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा घुमारदार आवाज, काढताना घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानशीनं किंचित घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, परत घासायचं. शिकणारा पोरगा आधी हलकीसलकी कामं करतो, पण कान रोज त्या आवाजावर असतो. त्याच्या हाती घोडी आली की जुना कारागीर शेजारी असतो, मात्र कानस मागून घेत नाही. आपण शिक्षक मंडळी खडू फार लवकर मागून घेतो.

मुलांची ‘बघून शिकणारी’, ‘ऐकून शिकणारी’ अशी वाटणी करायला कुणी सांगितलं तर त्यात वेळ घालवू नकोस. त्या वाटणीप्रमाणे शिकवल्यानं मुलं जास्त शिकतात, याला भक्कम पुरावा नाही. आठवून लिहून घेण्याला मात्र आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून धडा संपल्या संपल्या ‘समजलं का?’ विचारून समाधान मानू नकोस. सगळा वर्ग ‘हो बाई’ म्हणतोच. चार दिवस जाऊ देत, मग कोरा कागद दे आणि त्यावर गुण घालू नकोस, नाहीतर पोरं शेजारच्याचं बघून लिहितील.

त्या पोरालाही आठवड्यानं ४३ वजा १८ घाल, काड्या कपाटात ठेवून. उत्तर काय आलं आणि कसं केलं म्हणाला, ते त्याच्याच शब्दांत मला कळव. कन्नडमध्ये बोलला तर तसंच लिही, मी इथं कुणाकडून तरी समजून घेईन.

तुझा,
सर