पुढची तारीख कधीपर्यंत चालेल? डोळ्यांच्या ओपीडीबद्दल वाचकांचे प्रश्न

काचबिंदूवरच्या मागच्या लेखानंतर बरीच पत्रं आली. त्यांत आजाराबद्दल थोडं होतं आणि अपॉइंटमेंटबद्दल जास्त. मला त्याचं नवल वाटलं नाही. पडद्याच्या (डोळ्याच्या आतल्या रेटिनाच्या) किंवा काचबिंदूच्या रुग्णाची नजर औषध नसल्यामुळे जाते, त्याहून कितीतरी वेळा ते वेळेवर न मिळाल्यामुळे जाते. म्हणून आजचा सगळा स्तंभ तारखांसाठी.

आईला (वय ७६) उजव्या डोळ्यात वेट प्रकारचं मॅक्युलर डिजनरेशन (वेट एएमडी) आहे. दोन इंजेक्शनं झाली. तिसरं डॉक्टरांनी चार आठवड्यांनी सांगितलं, पण काउंटरवर 'स्लॉट नाही' म्हणून सात आठवड्यांनंतरची तारीख दिली. आई म्हणते, आता बरं दिसतंय, राहू दे. थांबावं का? (कोथरूड)

थांबू नका. या आजारात पडद्याच्या मधल्या भागाखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढतात आणि त्यांतून पाणी व रक्त झिरपतं. इंजेक्शन ही गळती रोखून धरतं, पण त्याचा असर काही आठवड्यांत ओसरतो. म्हणून सुरुवातीची तीन इंजेक्शनं साधारण महिन्याच्या अंतरानं देतात. पुढचं अंतर ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचं स्कॅन, पाहून हळूहळू वाढवता येतं. आईंना बरं दिसतंय याचा अर्थ औषध लागू पडलंय, आणि नेमकं अशा वेळी खंड पडू द्यायचा नसतो. पाणी पुन्हा साठलं आणि तिथे व्रण धरला, तर नंतर कितीही इंजेक्शनं दिली तरी त्या जागेची नजर परत येत नाही.

काउंटरवर वाद घालून फारसं हाती लागत नाही. तिथे बसलेल्या मुलीला कॉम्प्युटरवर रिकामे स्लॉट दिसतात, आईंचा आजार दिसत नाही. उद्या सकाळी फोन करून पडदा विभागातल्या सिस्टरना किंवा काउन्सेलरना मागून घ्या आणि एका दमात सांगा: आजार वेट एएमडी, दुसरं इंजेक्शन अमुक तारखेला झालं, तिसरं चार आठवड्यांनी लिहिलंय, तारीख सात आठवड्यांची मिळालीय. एवढं नेमकं सांगितलं की बहुतेक ठिकाणी मार्ग निघतो. नाहीच निघाला, तर त्या डॉक्टरांच्या ओपीडीच्या दिवशी फाइल घेऊन जा आणि त्यांच्याकडूनच केसपेपरवर 'चार आठवड्यांच्या आत' असं लिहून घ्या. कुणी ऐन वेळी रद्द केलं तर आम्हाला बोलवा, असंही नोंदवून ठेवा. तरीही जमत नसेल, तर ओसीटीच्या प्रती, इंजेक्शनचं नाव आणि तारखा यांसह दुसऱ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी मागा. ती मागण्यात संकोच वाटायचं कारण नाही. मात्र नवी तारीख पक्की होईपर्यंत हातातली सोडू नका.

पुढच्या वेळी तपासणीच्या खोलीतच विचारा: 'ही तारीख किती दिवस पुढे गेली तरी चालेल?' हा प्रश्न मी प्रत्येक वाचकाला पाठ करायला सांगीन. 'पुन्हा कधी येऊ' एवढंच विचारलं तर एक तारीख मिळते. 'कधीपर्यंत चालेल' विचारलं की ती तारीख किती ताणता येते आणि कुठे तुटते, ते कळतं. दरम्यान घरी चौकटीच्या वहीचा कागद भिंतीला लावा. आईंना वाचायचा चष्मा घालून एकेक डोळा झाकून त्याकडे बघायला सांगा. रेषा वाकड्या दिसल्या किंवा मधली जागा पुसट वाटली, तर त्याच दिवशी फोन करा. डाव्या डोळ्यानंही रोज बघायचं, कारण हा आजार दुसऱ्या डोळ्यातही येऊ शकतो.

वडिलांना मधुमेह, काचबिंदू आणि आता मोतीबिंदू. तीन विभाग, तीन वार, दर वेळी मला रजा. सगळं एका दिवशी बसवता येईल का? (हडपसर)

बरंचसं बसवता येतं, पण क्रम चुकला तर दिवस वाया जातो. फिल्ड टेस्ट, म्हणजे काचबिंदूसाठी नजरेचा परीघ मोजणारी तपासणी, बाहुली मोठी करायचं औषध घालण्यापूर्वी झाली पाहिजे. तिला एकाग्रता लागते, म्हणून ती सकाळी पहिली ठेवा. वडील दमलेले किंवा उपाशी असतील तर तिचा निकाल भरवशाचा येत नाही. चष्म्याचा नंबरही औषधापूर्वीच. मोतीबिंदूच्या भिंगाचं मोजमाप, ज्याला बायोमेट्री म्हणतात, ते बुबुळाला यंत्र टेकवून दाब मोजण्याआधी करून घ्यावं, कारण टेकवल्यानंतर बुबुळाचा पृष्ठभाग काही काळ मोजमापाला नीट राहत नाही. मग दाब, मग औषध घालून पडदा आणि ओसीटी. बाहुली मोठी झाल्यावर काही तास अंधुक दिसतं आणि उजेड सहन होत नाही, त्यामुळे वडिलांना स्वतःच्या स्कूटरवर सोडू नका.

सगळे स्लॉट स्वतः जुळवण्यापेक्षा तिघांपैकी एका डॉक्टरांना मुख्य धरा आणि तारखा त्यांना ठरवायला सांगा. या तीन आजारांत मी ते काम काचबिंदूच्या डॉक्टरांकडे देईन. मोतीबिंदूला सहसा थोडी सवड असते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. मधुमेही पडदा वर्षातून एकदा तपासायचा हा नियम पडद्यावर काही नसेल तेव्हाचा. सूज किंवा रक्तस्राव असेल तर अंतर कमी होतं, आणि तेव्हा मुख्य डॉक्टर बदलावे लागतील. काचबिंदूचे थेंब तपासणीच्या दिवशीही घालायचे. कधी घातले ते कागदावर लिहून न्या, डॉक्टर हटकून विचारतील.

बाळ एकतिसाव्या आठवड्यात जन्मलं, वजन १४०० ग्रॅम. पुण्यात एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होतं, आता घरी आणलंय. आज एकोणिसावा दिवस. डोळे दाखवायची तारीख सहा आठवड्यांची मिळालीय. सासूबाई म्हणतात, सव्वा महिन्याआधी बाळाला बाहेर काढू नये. (मंचर)

ताई, हे वाचल्यावर लगेच फोन हातात घ्या. चौतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासायचा, हा आपल्या देशातला नियम आहे. अठ्ठावीस आठवड्यांपूर्वीचं किंवा १२०० ग्रॅमच्या आतलं बाळ तर दोन-तीन आठवड्यांतच दाखवायचं असतं. अशा बाळांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अजून पूर्ण वाढलेल्या नसतात. त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा ओढला जातो आणि सुटतो. यालाच डॉक्टर आरओपी म्हणतात. बाहेरून डोळा अगदी छान दिसत असतो, त्यामुळे घरात कुणालाच शंका येत नाही. उपचार लागलेच तर ते दोन-तीन दिवसांत व्हावे लागतात, म्हणून तपासणीच उशिरा झाली की सगळंच हातातून निसटतं.

बाळ ज्या एनआयसीयूत होतं तिथल्या डॉक्टरांना 'आरओपी तपासणी झाली नाही, एकोणिसावा दिवस आहे' एवढंच सांगा. असे डॉक्टर कुठल्या दिवशी कुठे येतात हे त्यांना माहीत असतं. ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयाच्या नेत्रविभागातही चौकशी करा. सासूबाईंची काळजी खरी आहे, थंडी आणि जंतुसंसर्ग जपायलाच हवा. बाळाला नीट गुंडाळा, बंद गाडी करा, आणि पाजणं तपासणीच्या साधारण तासभर आधी आटपा, म्हणजे उलटी होणार नाही. पण त्यांना हेही सांगा, की सव्वा महिना संपेपर्यंत हे तीस दिवस उलटून गेलेले असतील. पहिल्या तपासणीनंतर दर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावतील. 'आता येऊ नका' असं डॉक्टर स्वतः म्हणेपर्यंत जायचं.

मालक ट्रकवर असतात, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. मधुमेहानं पडद्यावर नवीन रक्तवाहिन्या आल्यात. डॉक्टर दर महिन्याला इंजेक्शन म्हणतात. एवढ्या फेऱ्या होतील असं वाटत नाही, पण डॉक्टरांना सांगायला भीती वाटते. (दौंड)

सांगाच, आणि पहिलं इंजेक्शन घेण्याआधी सांगा. 'आम्हाला दर महिन्याला येणं जमणार नाही' ही डॉक्टरांसाठी तक्रार नसते. ती उपचार ठरवायला लागणारी माहिती असते. तुमच्या मालकांच्या अवस्थेत दोन मार्ग असतात: इंजेक्शन किंवा लेसर. इंजेक्शनचा असर तात्पुरता. नियमित घेतलं तर छान, पण मध्येच सोडलं तर त्या वाहिन्या जोमानं परत येतात, आणि तोपर्यंत लेसरही झालेला नसेल तर डोळ्यात रक्तस्राव होऊन पडदा ओढला जाऊ शकतो. लेसर काही बैठकांत पुरा होतो आणि त्याचा परिणाम टिकाऊ असतो. त्यानं कडेची नजर आणि रात्रीचं दिसणं थोडं कमी होऊ शकतं. ट्रक चालवणाऱ्या माणसासाठी हे महत्त्वाचं आहे, तेव्हा तेही मोकळेपणानं विचारा. पडद्याच्या मधोमध सूजही असेल तर इंजेक्शन टाळता येत नाही, मग दोन्ही मिळून वेळापत्रक बसवतात.

तारखा ठरवताना फेरीचा कागद बरोबर न्या. अमुक दिवशी गाडी पुण्यात आहे, हे दिसलं की त्याच दिवशी ओसीटी आणि लेसर दोन्ही ठेवता येतं. आणि साखरेबरोबर रक्तदाबही बघा, तो वाढलेला असेल तर पडदा लवकर बिघडतो.

मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा पुढे गेलं. एकदा साखर जास्त, एकदा फिटनेस नाही. (सासवड)

ऑपरेशनच्या तारखेच्या दोन आठवडे आधी फॅमिली डॉक्टरांकडे जा आणि साखर, रक्तदाब, ईसीजी बघून घ्या. फिटनेसची चिठ्ठी आदल्या दिवशी मागायला गेलात तर तिसऱ्यांदाही हेच होईल. पापणीवर रांजणवाडी असेल, डोळ्यातून सतत पाणी किंवा पू येत असेल, तर ते आधी सांगा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू असेल, पूर्वी कधी घेतलेली असेल तरीही, सर्जनला जरूर सांगा, कारण तिच्यामुळे ऑपरेशनच्या वेळी बाहुली सैल पडते आणि त्यांना तयारी वेगळी ठेवावी लागते. विमा असेल तर मंजुरीचे कागद आठवडाभर आधी द्या. सरकारी योजनेतून करायचं असेल तर तिथल्या आरोग्यमित्रांना आधी भेटून, हा उपचार योजनेत बसतो का, याची खात्री करा.

दोन दिवसांपासून डाव्या डोळ्यापुढे काळे ठिपके आणि कडेला विजेसारखे झोत दिसतात. अपॉइंटमेंट बारा दिवसांनी आहे. (सिंहगड रस्ता)

आजच जा, अपॉइंटमेंटशिवाय. पडद्याला भोक पडलेलं असू शकतं. पडदा सुटण्याआधी ते लेसरनं बंद करता येतं. कडेनं सावली आल्यासारखं किंवा खिडकीचा पडदा ओढल्यासारखं वाटलं तर रात्रीसुद्धा निघा. अचानक एका डोळ्यानं दिसेनासं होणं, डोळा लाल होऊन डोकं दुखणं आणि उलट्या, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दुखणं वाढून नजर कमी होणं, या तक्रारींना तारीख नसते. डोळ्यात चुना किंवा अ‍ॅसिड गेलं तर आधी घरीच नळाखाली निदान वीस-तीस मिनिटं धुवा, मग निघा. तंबाखूच्या पुडीतला चुना लहान मुलांच्या डोळ्यात उडतो, त्यातून बुबुळ कायमचं पांढरं पडू शकतं. ती पुडी मुलांच्या हाती लागू देऊ नका.

विसर्जनाच्या किंवा पालखीच्या दिवशी तारीख आली तर? (सदाशिव पेठ)

आठवडाभर आधी फोन करा आणि तारीख शक्यतो अलीकडे ओढून घ्या, पलीकडे ढकलू नका. पालख्या शहरात मुक्कामी असताना आणि विसर्जनाला मध्यवस्तीतले रस्ते बंद असतात. दिवाळीत अनेक ओपीडींचे वार बदलतात. पंचांग हातात असताना हे सगळं आधी कळतं.

मी एका धर्मादाय रुग्णालयाच्या नेत्रविभागात रिसेप्शनवर आहे. न आलेल्या रुग्णांचं काय करावं, कुणी सांगत नाही. आमच्या पातळीवर काही करता येईल का? (पिंपरी)

तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, तारखा लांबल्यामुळे महिन्याला २२ पर्यंत लोकांची नजर खालावत असावी, असा अंदाज निघाला. त्यांतले बहुतेक नवे रुग्ण नव्हते, पुन्हा दाखवायला यायचे होते. तिथल्या काही नेत्रविभागांत आता केवळ 'कुणाची तारीख राहिली' हे पाहायला माणूस नेमलेला असतो. आणि तिथे एक साधा निकष धरतात: डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराच्या २५ टक्क्यांहून जास्त उशीर होता कामा नये. चार आठवडे सांगितले असतील तर सवड एका आठवड्याची.

यातलं बरंच तुम्ही वहीतही करू शकता. डॉक्टरांना विनंती करा की प्रत्येक केसपेपरवर पुढच्या तारखेशेजारी एक खूण करावी: लाल म्हणजे उशीर चालणार नाही, पिवळी म्हणजे थोडी सवड, हिरवी म्हणजे निवांत. डॉक्टर रजेवर गेले की सगळी ओपीडी सरसकट पंधरा दिवस पुढे ढकलली जाते, तिथे मोठं नुकसान होतं. लाल खुणेच्या रुग्णांना दुसऱ्या डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात बसवा, हिरव्यांना पुढे न्या. रोज संध्याकाळी न आलेल्या लाल नावांची यादी काढा आणि दुसऱ्या दिवशी फोन करा. एसएमएसवर विसंबू नका, ज्याला दिसत नाही तो तो वाचणार कसा? नोंदणीच्या वेळीच दोन नंबर घ्या, एक रुग्णाचा आणि एक घरातल्या दुसऱ्या कुणाचा. फोनवर 'का आला नाहीत' असं विचारू नका, 'कोणत्या दिवशी जमेल' असं विचारा. पैसे, सोबतीला माणूस नसणं, एसटीची वेळ, यांतली अडचण तेवढ्यात कळते आणि काउन्सेलरना सांगता येते. दोनदा फोन लागला नाही तर फाइल बंद करू नका, ती डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. हे नाव सोडायचं की शोधायचं, ते त्यांनी सही करून ठरवायचं.