नानावाडा नक्की कुठल्या नानांचा?

प्रश्न : नमस्कार, मुलाला घेऊन पुण्याला शनिवारवाडा बघायला गेलो होतो, शेजारीच नानावाडा दिसला, मी त्याला सांगून टाकलं की हा नानासाहेब पेशव्यांचा, ते इंग्रजांशी लढले ना, तेच. घरी आल्यावर वडील म्हणाले चूक सांगितलंस. मग हे नाना नक्की कोण? आणि वाईजवळ मेणवलीला पण नानांचा वाडा आहे म्हणतात, तो कोणाचा?
– एक वाचक, सातारा

उत्तर : वडिलांचं बरोबर आहे, पण हा गोंधळ खूप जणांचा होतो, कारण नाना हे मुळात पाळण्यातलं नाव नाहीच, घरात हाक मारायचं नाव आहे, त्यामुळे इतिहासात ढिगाने नाना सापडतात. त्यात दोघांचं खरं नाव पण बाळाजीच!

पहिले नानासाहेब पेशवे म्हणजे बाळाजी बाजीराव, थोरल्या बाजीरावांचे मुलगे. पानिपतानंतर काही महिन्यांतच, 1761 मध्ये ते पर्वतीवर वारले. नानावाडा बांधला साधारण 1780 ला, म्हणजे तो त्यांचा असूच शकत नाही. इंग्रजांशी लढले ते नानासाहेब तिसरेच, धोंडोपंत, दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक पुत्र, त्यांचा वाडा गंगेकाठी बिठूरला होता आणि 1857 च्या धामधुमीत इंग्रजांनी तो उद्ध्वस्त केला.

नानावाडा आहे नाना फडणवीसांचा. बाळाजी जनार्दन भानू, जन्म 1742, तुमच्या साताऱ्याचाच. पानिपतावरून जीव वाचवून परत आलेला हा माणूस पुढे पेशवाईचा कारभार सांभाळत होता आणि 1800 ला तो गेल्यावर घडी पार विस्कटली. पुढे या वाड्यात कित्येक वर्षं शाळा भरायची, जुन्या पुणेकरांना तो शाळेमुळेच जास्त आठवतो. लक्ष्मी रोडवरचं बेलबाग मंदिर पण यांचंच.

मेणवलीचा वाडाही यांचाच, आणि मला विचाराल तर मुलाला आधी तिकडे न्या. वाईपासून अगदी जवळ, मागच्या बाजूने उतरलं की कृष्णेचा दगडी घाट लागतो, तिथे देवळापाशी एक मोठी घंटा टांगलेली आहे, तिच्यावर हात फिरवून बघा, मेरी आणि बाळ येशू कोरलेले आहेत आणि 1707 साल आहे. ही चर्चची घंटा, चिमाजीअप्पांनी 1739 ला पोर्तुगीजांकडून वसई घेतली तेव्हाच्या विजयातली. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा कितीतरी वेळ तिथेच उभा होतो, कृष्णेकाठी शंकराच्या देवळात मेरी!

मुंबईचे नाना शंकरशेट, ज्यांचा रेल्वे आणण्यात मोठा वाटा होता, ते जगन्नाथ शंकरशेट, जन्म मुरबाडचा, 1803 चा, म्हणजे फडणवीस गेल्यानंतरचे. आणि प्रतिसरकारवाले क्रांतिसिंह नाना पाटील तर विसाव्या शतकातले, ते तुमच्या वडिलांना नक्की माहीत असणार. पुढच्या वेळी कुठेही नानांचा वाडा म्हणून पाटी दिसली तर आधी बांधल्याचं साल विचारा, निम्मा गुंता तिथेच सुटतो.